शेऱ्याचा रकाना

जमाखर्चाची वही हा मराठी वाङ्मयातला एक उपेक्षित प्रकार आहे, असे माझे फार दिवसांचे मत आहे. पत्रे छापली जातात, दैनंदिन्या छापल्या जातात; पण कुणा गृहिणीची वही छापल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक दैनंदिनीत माणूस थोडा सजूनच बसतो, वहीत तो घरातल्या कपड्यांत असतो. माझ्या आईची १९६२ सालची वही माझ्याजवळ आहे. 'मेथी १२ नवे पैसे', 'रॉकेल', 'दाईला साडी' अशा ओळींतून आमचे सबंध घर हिंडताफिरताना दिसते. एके ठिकाणी मधेच 'मोगरा १० न. पै.' असे आहे, आणि पुढे महिनाभर मोगरा नाही. त्या महिन्यात काय घडले ते आता कोणाला विचारणार? महिनाअखेर बेरीज जुळली नाही, की आई 'आठवत नाही' या नावाखाली तेवढे पैसे टाकून मोकळी होई. 'किरकोळ' हे सदर मात्र तिच्या वहीत नव्हते. खर्च म्हटला की त्याला नाव हवे, असा तिचा कटाक्ष होता.

ही वही मी गेल्या जानेवारीत पुन्हा कपाटातून काढली, ती माझ्या भाचीसाठी. भाची इथेच पुण्यात नोकरी करते, खोली घेऊन राहते आणि रविवारी माझ्याकडे जेवायला येते. एका रविवारी तिने भात अर्धा टाकला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. क्रेडिट कार्डाचे बिल होते. एकूण देणे १,८०,०००. किमान भरणा ९,०००.

"मी दर महिन्याला भरते गं मावशी. एकदाही चुकले नाही. तरी ते हलत का नाही?"

माझे आयुष्य एका कचेरीच्या हिशेबखात्यात गेले आहे, त्यामुळे न हलण्याचे गणित मला कागदावर मांडून दाखवता आले. दरमहा साडेतीन टक्के व्याज, म्हणजे ६,३०० रुपये. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, १,१३४. नऊ हजारांतून हे ७,४३४ वजा जाता मुदलात फिटतात १,५६६! शिवाय मागचे देणे पुरते फेडलेले नसले, की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आजच्या चहावर आजपासून व्याज. आणि रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची मुभा २०२२ साली मिळाल्यापासून टपरीवरचा चहासुद्धा कार्डाच्या उधारीवर पिता येतो. 'किमान भरणा' हा शब्दप्रयोग ज्याने योजला त्याच्या भाषाप्रभुत्वाला माझा नमस्कार असो. ऐकणाऱ्याला वाटते, निदान किमान कर्तव्य तरी आपण पार पाडले. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षे लांबेल, असा इशारा बिलावर छापण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने घातले आहे खरे. पण तो वाचायच्या आत बोट 'भरा' या बटणावर गेलेले असते.

कर्ज आपल्याला नवे नाही. पहिल्या बाजीरावाने ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांतही सावकारांच्या तगाद्याची रड आहे. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले, तेव्हा त्यांना सावकाराच्या रक्तापेक्षा त्याची खतपत्रे हवी होती. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला, आणि सावकाराने पावती द्यावी, सालोसाल हिशेब द्यावा असे ठरले. त्याहून जुना आपला दामदुपटीचा नियम, की एका वेळी मागायचे व्याज मुदलाच्या वर जाऊ नये. जुने लोक इतके तरी म्हणत होते! इकडे तीस टक्क्यांवरचे कार्डाचे व्याज अनुचित ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

तरी मला दोन काळांत एक फरक दिसतो. सुप्याच्या शेतकऱ्याला सावकाराची वही वाचता येत नव्हती. माझ्या भाचीला येते. तिच्या प्रत्येक रुपयाची नोंद तारखेसकट तिच्या हातातल्या यंत्रात आहे. पण ती दुसऱ्याने ठेवलेली नोंद. आपल्या हाताने लिहिताना जो क्षणभर थांबा पडतो, तो तिच्यात नाही.

म्हणून मी दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले. तारीख, तपशील, रुपये, शिल्लक, आणि शेवटी शेरा. "मावशी, याला अ‍ॅप असतं," ती म्हणाली. मी म्हटले, "असेल. पण ते सगळं लक्षात ठेवतं, मग तुला काही आठवावं लागत नाही." कार्ड माझ्या कपाटात आले. पहिला महिना काटकसर करायची नाही, फक्त लिहायचे, असे ठरले.

पहिल्या महिन्याचे आकडे काही विशेष नव्हते. रात्री बाहेरून मागवलेले खाणे ६,३४०, रिक्षा ३,१००, कुठल्याशा दोन वर्गण्या, ज्या आपण अजून भरतो आहोत हेच तिला ठाऊक नव्हते. मला खरे वाङ्मय सापडले ते शेऱ्याच्या रकान्यात. 'पनीर रोल २८९ — भूक नव्हती.' 'रिक्षा १६० — स्टॉपवर एकटी होते.' 'ऑफिसात वाढदिवसाची वर्गणी ५०० — त्याचे नाव माहीत नाही.' 'कानातले ४५० — पगार झाला.' साडेनऊला खोलीवर येऊन अंधारात दिवा लावायचा आणि एकटीपुरता कुकर लावायचा, हे तिला नकोसे होते. मोबाइलवर मागवले की निदान दारावर कोणीतरी येते. आता हे कुठल्या सदरात घालायचे? मी तिला आठवड्यातून दोन दिवस माझ्याकडून डबा न्यायला सांगितले, आणि पुढचे काही बोलले नाही.

मागचा हिशेब काढताना एक मोठी रक्कम निघाली. दीड वर्षापूर्वी तिच्या बाबांची, म्हणजे माझ्या मेव्हण्यांची, नाशिकला हृदयशस्त्रक्रिया झाली. विम्याने दिले ते दिले. वरचे १,१२,००० हिने कार्डावर भरले आणि घरी सांगितले की विम्यातून भागले. कर्जाचे मूळ ते. बाकीची रक्कम त्या मुळाला पाणी घालत गेलेल्या व्याजाची आणि रोलची. तिने खतावणीत सरळ 'बाबा' असे खाते उघडले होते. मला ते पान बघवेना. मुलीच्या वहीत बापाच्या नावे रक्कम? मी म्हटले, "ते पान काढ. 'दवाखाना' असं लिही."

"का? ते देणेकरी थोडेच आहेत?" ती म्हणाली. "पैसे कुठे गेले ते लिहायचं, असं तूच सांगितलंस ना?"

पान राहिले. पण बाबांना सांगायचे की नाही, यावर आमचे जे वाजले ते अजून मिटलेले नाही.

अंदाजपत्रक मात्र एका बैठकीत झाले. हातात पगार ५४,०००. भाडे १४,०००, खाणेपिणे ९,०००, घरी पाठवायचे ५,०००, प्रवास अडीच हजार, वीज, गॅस, फोन दीड, आणि एक हजार ज्याला तिने 'मोगरा' असे नाव दिले. आईची वही मी तिला वाचायला दिली होती, त्याचा परिणाम. हा हजारही कार्डाला घालते म्हणत होती. मी घालू दिला नाही. कोरडे अंदाजपत्रक पंधरा दिवसांत मोडते, हे मी कचेरीत पुष्कळ पाहिले आहे. उरले २१,०००. या गतीने अकरा महिने लागले असते. माझी साठ हजारांची एक ठेव मुदत संपून आली होती. ती मी पुढे केली. ती घेईना. शेवटी ठेवीवर मला मिळत होते ते सात टक्के व्याज ती मला देईल, असे वहीत लिहिल्यावरच तिने हात पुढे केला. नात्यात व्याज घ्यावे का? मला अवघड वाटले. तिला त्यानेच हलके वाटले.

मार्चपासून फेड सुरू झाली. मे महिन्यात मैत्रिणीचे लग्न आले आणि २१ चे १५ झाले, शेरा: 'नाचले. पश्चात्ताप नाही.' ते सहा हजार पुढे व्याजासकट आले आणि सप्टेंबरचा शेवटचा हप्ता पावणेएकोणीस हजारांचा झाला. तो भरला त्या रात्री तिने काही मागवले नाही, की साजरे केले नाही. माझ्याकडे आली, पिठले-भात खाल्ला, आणि वहीत माझ्या नावाचे पान उघडून पहिल्या हप्त्याची तारीख घातली.

आता लक्ष्मीपूजनाला ती नाशिकला जाईल. बाबा हल्ली रोज दोन मैल चालतात आणि विमा उतरवणे किती शहाणपणाचे असते, हे भेटेल त्याला सांगतात. वही बरोबर नेऊ नकोस, असे मी म्हटले नव्हते. पण परवा तीच ती घेऊन आली आणि आईच्या वहीवर ठेवून कपाटाला कुलूप लावून गेली. किल्ली मात्र तिने नेली आहे.