पदवीवाचून मिळवती विद्या

पदवीचा कागद चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगण्याची चाल आता मागे पडली असली, तरी त्या कागदावरील श्रद्धा आपल्या पांढरपेशा घरांतून तिळमात्र उणी झालेली नाही. मुलगा काय शिकला, या प्रश्नाचे उत्तर आपणांस दोन-तीन अक्षरांत हवे असते. त्याला काय करता येते, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. मौज अशी, की ज्यांनी त्या अक्षरांवाचून नाव आणि दाम दोन्ही मिळविली, त्यांची चरित्रे आपण मुलांना कौतुकाने वाचावयास देतो. आणि मुलाने त्यांतील एखादे खरोखरच मनावर घेतले, म्हणजे आपली झोप उडते.

आमच्या घरी सध्या हेच चालले आहे. आमच्या भाच्याने दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाऊन डाय मेकरचे दोन वर्षांचे शिक्षण घेण्याचे योजिले आहे. गुण बरे असता हे भलतेच काय, म्हणून त्याची आई कष्टी आहे. हात काळे करणाऱ्यास मुलगी कोण देणार, ही त्याच्या आजीची चिंता. आणि मामा या नात्याने निकाल देण्याचे काम आमच्याकडे आले आहे. तेव्हा या विषयाचा थोडा निवांत विचार करणे आम्हांस भागच पडले.

अशा वेळी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण हटकून निघते. १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकला शिकण्यास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. रंग ओळखण्यात आपली दृष्टी उणी पडते असे कळल्यावर त्यांनी यंत्रांची रेखाटने काढण्याचे शिक्षण घेतले आणि त्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकी केली. बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर ती नोकरी त्यांनी सोडली. बेळगावास बंधूंसह सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर, आणि १९१० साली औंध संस्थानातील ओसाड माळावर कारखाना; ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिच्या मधला एक भाग आपण घाईने उलटतो. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. ही दोन वर्षे चरित्रात एका वाक्यात संपतात; घरात ती एकेक दिवसाने काढावी लागतात. त्या काळात पाठीशी बंधू रामुअण्णा होते. पुढे जमीन देण्यास औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. लक्ष्मणरावांपाशी पदवी नव्हती हे खरे. पण ते एकटे नव्हते, हेही तितकेच खरे.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल आणि व्ही. शांताराम हे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करीत तयार झाले. बाबूरावांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविला होता. अशा माणसाच्या हाताखाली वर्षानुवर्षे वावरणे, हेच त्यांचे महाविद्यालय. १९२९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह 'प्रभात' काढली, आणि दामले-फत्तेलालांच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' चित्रपटाचा पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला.

ही दोन्ही उदाहरणे जवळ ठेवून पाहता आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. पदवी नसणे म्हणजे शिक्षण नसणे नव्हे. या मंडळींनी शिक्षण टाळले नाही. उलट परीक्षेच्या तारखेने संपत नाही असे शिक्षण पत्करले. त्यास तीन गोष्टी लागतात : जाणता गुरू, माल बिघडविण्याची मुभा, आणि हात बसेपर्यंत धीर धरणारे घर. पहिल्या दोन गोष्टी बाहेर शोधता येतात. तिसरी आपणच द्यावयाची असते, आणि नेमकी तीच आपण नाकारतो.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांची चरित्रे लिहिली गेली ते मोजके. ज्यांची लिहिली गेली नाहीत असे पदवीहीन पुष्कळ. वैद्यकी किंवा वकिली पदवीवाचून कायद्यानेच करता येत नाही. अनेक कचेऱ्यांत अर्ज वाचण्यापूर्वीच पदवीची चाळणी लागते. म्हणून 'पदवीची गरजच काय?' अशी घोषणा करणाऱ्यांत आम्ही नाही. अभ्यासाचा कंटाळा आला म्हणून महाविद्यालय सोडणे निराळे, आणि एखाद्या हुन्नराची ओढ लागली म्हणून दुसरी वाट धरणे निराळे.

आमच्या भाच्याची ओढ कोणती, हे पाहण्यासाठी आम्ही त्यास डाय म्हणजे काय ते विचारले. प्लास्टिकच्या बादलीपासून मोटारीच्या दारापर्यंत प्रत्येक वस्तूस आकार देणारा साचा आधी कोणीतरी घडविलेला असतो, आणि तेथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूकही खपत नाही, हे त्याने आम्हांस पाऊण तास समजावून दिले. पाठ केलेले मूल इतका वेळ बोलत नाही. शिवाय ही वाट आता एकाकी राहिलेली नाही : १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यात विद्यावेतनासह शिकण्याची सोय आहे, आणि पुढे मनात आल्यास पदविकेच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळविण्याचे दारही उघडे आहे.

तेव्हा आमचा निकाल असा : मुलाने जावे. अट एवढीच, की दोन वर्षे पुरी करावी, आणि उमेदवारीसाठी जास्त पैसे देणारा कारखाना न पाहता उत्तम मिस्त्री असलेला पाहावा. दाम हुन्नरामागून येतो. पुढे जाऊन त्याची वाट अडविण्यात अर्थ नाही. अट आईसही आहे. शेजारचा मुलगा पदवी घेऊन पहिल्या पगाराचे पेढे वाटील, तेव्हा आपल्या मुलाच्या हाती कदाचित कानसच असेल. त्या दिवशी तिने पेढा गोड मानून घ्यावा, आणि घरी येऊन मुलास काही बोलू नये.