कंबर आणि हँडल

बुलढाण्याहून मोटरसायकलवर खामगावकडे जाताना बोथ्याच्या घाटात ज्ञानगंगा अभयारण्याची गार हवा लागते. गाडी चालवणाऱ्याचं लक्ष मात्र कंबरेतल्या कळीकडेच. चिखली, मेहकर करत लोणारला निघालं, तरी ती सोबत असते.

क्रूझर गाड्यांचे फूटरेस्ट पुढे असतात. त्यामुळे भार माकडहाडावर येतो आणि खड्ड्याचा धक्का पायांनी न पेलता थेट मणक्यात जातो. २०१६ साली आलेल्या हिमालयनसारख्या गाडीवर ते बरेच मागे असतात, म्हणून खड्ड्यावर पटकन उभं राहता येतं. हँडल दूर असलं तर माणूस ओणवा होतो आणि कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो.

त्यानं हँडलच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल केले, हँडल जरासं स्वतःकडे फिरवलं, ब्रेक-क्लचचे लिव्हर हाताच्या रेषेत आणले. मग बोल्ट पुन्हा आवळले आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून केबल ताणली जात नाही ना, हे पाहिलं. हे कुणीही टाळू नये. मागच्या शॉकअपची कडी पान्यानं एक खाच सैल केली; एकट्याच्या वजनाला ती फार कडक होती.

कोपर सैलावले, खांदे खाली आले.

वयाबरोबर वेग कमी होईल, हे त्यानं मनाशी धरलं होतं. बसण्याची रीतच नव्यानं शिकावी लागेल, हे नव्हतं. याचं त्याला थोडं वाईट वाटतं, आणि का कोण जाणे, बरंही.

डाव्या पायात अजून मुंग्या येतात. तिथं पान्याचं काम नाही, डॉक्टरांनाच दाखवायला हवं. दिवाळीआधी की नंतर, ते ठरायचंय.