लांबीचा हक्क

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या जवळच सरोजिनी नगर. एक वसाहत लढवय्या राणीच्या नावाची, दुसरी कवयित्रीच्या. सरोजिनी नायडू कविता लिहायच्या, हे तिथं स्वस्त कपड्यांवर तुटून पडणाऱ्या किती जणांच्या ध्यानात असेल, देव जाणे. बाईची कविता अशीच मागं पडते.

सरकारी क्वार्टरमधल्या माझ्या एकुलत्या एक कपाटात, बदल्यांमधून टिकलेल्या पुस्तकांत अरुण कोलटकरांची ‘भिजकी वही’ आहे. अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनानं २००३ साली काढलेली, २००५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. चांगली जाडजूड. हायपेशिया, कण्णगी, नादेझ्दा, आमच्या शेजारच्या हरियाणातली मैमून. देशोदेशींच्या, युगायुगांच्या बायकांचे अश्रू त्या एका वहीत आहेत.

बायकांविषयीचा मराठीतला सर्वांत धाडसी प्रयोग पुरुषानं केला, असं म्हटलं की मैत्रिणी चिडतात. माझी तक्रार कोलटकरांबद्दल नाहीच, समीक्षेबद्दल आहे. पुरुषानं घाट मोडला की तो प्रयोग. बाईनं मोडला की ‘स्त्रीजाणीव’. मलिका अमर शेख यांचा ‘वाळूचा प्रियकर’ १९७९ चा. पण त्यांचं नाव निघालं की आधी शाहीर अमर शेखांची मुलगी, मग नामदेव ढसाळांची बायको, मग ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मचरित्र. कवितेची पाळी येईतो चहा संपलेला असतो.

रजनी परुळेकरांच्या वाट्याला तेवढाही गवगवा आला नाही. त्यांनी दीर्घ कविता लिहिली आणि संग्रहाचं नावही सरळ ‘दीर्घ कविता’ ठेवलं. इंदिरा संतांच्या मोजक्या ओळींवर माझाही जीव आहे. पण बाईनं आटोपशीर, हळवंच लिहावं, अशी आपल्याला त्यातून सवयच लागली. परुळेकर ऐसपैस लिहितात. ओळ गद्याच्या अंगानं चालते, एका प्रतिमेतून दुसरी निघते, सांगणारीला कुठलीच घाई नसते. चार कडव्यांत बाईचं दुःख मावतं. तिचा वैताग, तिचा हिशेबीपणा, स्वतःशीच घातलेला वाद यांना पानं लागतात. ती पानं हक्कानं घेणं, हाच मला त्यांचा स्त्रीवाद वाटतो आणि प्रयोगही तोच.

साठोत्तरी कविता शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती: दिलीप चित्रे, कोलटकर, ढसाळ घ्याल त्याच तासाला परुळेकर आणि मलिका घ्या. ‘स्त्रियांची कविता’ या शेवटच्या प्रकरणासाठी त्यांना राखून ठेवू नका. तोवर परीक्षा तोंडावर येते आणि ते प्रकरण ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिलं जातं.