साउंड कार्ड आणि रातकिडा

बबिन्याला आलो तेव्हा बऱ्याच वर्षांनी असं क्वार्टर मिळालं, ज्याच्या बैठकीत एक अख्खी भिंत मोकळी होती. फौजी माणसाला मोकळी भिंत दिसली की हात शिवशिवतात. माझ्या डोक्यात पडदा, पाच स्पीकर आणि एक वूफर. आमच्या चिरंजीवांच्या (वय चौदा) डोक्यात गेमिंग कॉम्प्युटर. शेवटी सौ.नी तह घडवून आणला. कॉम्प्युटर एकच, तोच सिनेमा दाखवील, तोच खेळ चालवील, आणि पुढच्या बदलीत तो एका काळ्या पेटीत मावला पाहिजे.

बाकी सगळं ठरलं. घोडं अडलं साउंड कार्डापाशी, आणि अडवणारा मीच.

झालं असं की रविवारी आम्ही दोघं काउंटर-स्ट्राइक खेळायला बसायचो. मी खेळताना मागून हा ओरडायचा, "बाबा, मागे! डावीकडे मागे!" तोवर मी शहीद. "पावलं वाजली की हो. ऐकू नाही आली?" सलग तीन रविवार हेच. मी निदान केलं, मदरबोर्डवरचा आवाज रद्दी आहे, वेगळं कार्ड घ्यावं लागेल.

माझ्या वयाच्या लोकांना हे निदान पटकन सुचतं. एनडीएत असताना रविवारी लिबर्टीवर पुण्यात मावसभावाकडे जायचो. त्याच्याकडे साउंड ब्लास्टर 16 होतं. त्याआधी कॉम्प्युटरचा आवाज म्हणजे नुसतं 'टूं'. ते कार्ड बसवायचं म्हणजे पोर्ट 220, आयआरक्यू 5, डीएमए 1 अशी मंत्रासारखी आकडेमोड करायची, आणि मग 'डूम' मधला राक्षस पहिल्यांदा डावीकडून गुरगुरायचा. तेव्हापासून मनात पक्कं, की आवाज हवा तर कार्ड हवं. पुढे आवाजाची चिप मदरबोर्डवरच येऊ लागली, आणि 2007 साली विंडोज व्हिस्टाने खेळांचा आवाज कार्डाच्या हार्डवेअरवर सोपवायची जुनी वाटच बंद केली, तेव्हा गेमिंग कार्डांचं निम्मं महत्त्व गेलं. पण मी तेव्हा तोफांमागे होतो, मला कोण सांगणार?

तर मी रीतसर ॲप्रिसिएशन लिहायला घेतलं. एम, फॅक्टर्स, कोर्सेस ओपन. चाळिशीतल्या फौजी माणसाला खरेदी अशीच करता येते.

पहिला फॅक्टर, गुणगुण. मदरबोर्डच्या हिरव्या जॅकमधून रिसीव्हरला वायर जोडली की वूफर घुमायचा. हा दोष कार्डाने जाईल असं वाटलं होतं. एका संध्याकाळी डिशची केबल काढली आणि घूं एकदम बंद. म्हणजे तो 50 हर्ट्झचा ग्राउंड लूप होता. उपकरणं दोन वाटांनी जमिनीला जोडली गेली की मधल्या वायरीतून थोडा करंट फिरतो आणि तो ऐकू येतो. नवीन कार्ड घेऊन त्याच वायरीने जोडलं असतं, तर तीच घूं महाग झाली असती.

दुसरा फॅक्टर, सिनेमा. इथे कार्डाची गरजच नाही निघाली. ग्राफिक्स कार्डाच्या एचडीएमआयमधून आठ चॅनेलपर्यंतचा आवाज डिजिटल स्वरूपात थेट रिसीव्हरकडे जातो, आणि त्याचा आवाज करायचं काम रिसीव्हर करतो. ऑप्टिकल वायरीचा एक मोठा फायदा आहे, तिच्यात धातू नसल्याने ग्राउंड लूप होतच नाही. पण तिच्यातून एकतर साधा स्टिरिओ जातो, नाहीतर दाबून बसवलेला 5.1. खेळाचा आवाज तसा दाबायला डॉल्बी डिजिटल लाइव्ह असलेलं कार्ड लागतं. एचडीएमआय असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला?

उरला हेडफोन. इथे जाहिराती 120, 122, 124 डेसिबल सिग्नल-टू-नॉइज असे आकडे फेकतात. 16 बिटांच्या सीडीला 96 पुरतात. आमच्या बैठकीत पंखा पाचवर असतो, तेव्हा त्यापुढची शांतता ऐकणार कोण? तरी माझा हट्ट. एका कोर्समेटकडून महागडं कार्ड आठ दिवसांसाठी मागून आणलं आणि सौ.ना मध्यस्थ केलं. त्या मागून हेडफोनचा प्लग बदलत होत्या, कुठला ते आम्हाला न सांगता. चिरंजीवांना दोन्हींवर पावलं ऐकू आली. मला एकावरही नाही.

पोरगं हुशार आहे. काही बोललं नाही, फक्त कॉम्प्युटरवर टोन जनरेटर लावला. 1000 हर्ट्झ, दोघांनाही ऐकू. 2000, दोघांनाही. मग त्याने चेहरा वेडावाकडा करून हेडफोन काढला, "बाबा, बंद करू का? फार टोचतोय." मी तो सुरू व्हायची वाट बघत होतो. आकडा 4000 होता.

आता गनर मित्रांना पुढचं सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. मोठ्या आवाजाने कान जातो तो आधी 3000 ते 6000 हर्ट्झच्या पट्ट्यात, बहुधा 4000 च्या आसपास. बोलणं ऐकू येत राहतं, म्हणून कळत नाही. जातात त्या 'स', 'श', 'फ' च्या कडा. आवाज पुढून की मागून, हे ओळखायला कानाची पाळी ज्या बारीक खुणा देते, त्याही याच पट्ट्यात आणि याच्या वर असतात. देवळालीला यंग ऑफिसर्स कोर्सला बोफोर्सचा पहिला धमाका खाल्ला तेव्हा माझ्या कानात कापूस होता, आणि तोही अर्ध्या फायरिंगनंतर काढून टाकला, कारण प्लग घालणाऱ्याची मेसमध्ये थट्टा व्हायची. तोफेजवळ 140 डेसिबलच्या वरचा तडाखा बसतो. त्याला कापूस म्हणजे चिलखत म्हणून बनियन.

काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्सबरोबर होतो तेव्हा हेच कान माझं हत्यार होते. गोळीचा कडाका आधी येतो, बंदुकीचा ठोका नंतर. मधलं अंतर मोजलं की फायर करणारा किती लांब, याचा अंदाज बांधता येतो. रात्री दगड घसरला तर कुठल्या उतारावर, हे मी अचूक सांगायचो. ते नेमकं कधी गेलं, मला आठवत नाही. रोज रात्री बागेत रातकिडे असतात असं मी समजत होतो. जानेवारीतही.

दुसऱ्या दिवशी गन पार्कात सुभेदार मेजर साहेब नेहमीसारखे माझ्या उजव्या हाताला चालत होते. कनिष्ठाने डावीकडे चालायचं असतं आणि ते शिस्तीचे इतके पक्के, की हे मला आधीच खटकायला हवं होतं. "साहेब, आप इस तरफ क्यों?" ते थोडे घुटमळले. "साहब, उधर से आपको सुनाई नहीं देता. जब से आप आए हैं, तब से."

वार्षिक मेडिकलला 610 सेंटिमीटरवरून कुजबुजलेले शब्द मी दरवर्षी ओळखत आलो होतो. खरं सांगायचं तर अर्धे अंदाजाने. त्या आठवड्यात स्वतः जाऊन ऑडिओग्राम करून घेतला. दोन्ही कानांचा आलेख 4000 ला दरीत उतरतो, डाव्याचा जास्त खोल. उजव्या खांद्यावरून रायफल चालवणाऱ्याचा डावा कान नळीच्या बाजूला असतो, उजवा डोक्याच्या आडोशाला. शेपमधल्या 'एच'चं काय करायचं, ते मेडिकल बोर्ड ठरवील. रात्री झोप लागली नाही हे लपवत नाही. पण रेजिमेंटमध्ये कानावर मफ नसलेला माणूस तोफेजवळ दिसला तर फायर थांबेल, हा हुकूम मी बोर्डाआधीच काढला.

कार्ड परत केलं. घेतलं ते यूएसबीवरचं, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, साधंसं हेडफोनचं यंत्र. पेटीत मावतं, कॅबिनेटच्या आतल्या ग्राफिक्स कार्डाच्या खरखरीपासून लांब राहतं आणि आमच्या 32 ओहमच्या हेडफोनला पुरून उरतं. व्हर्च्युअल सराउंड बंद ठेवलंय, कारण हा खेळ दिशेचा हिशोब स्वतःच करतो, त्यावर दुसरा हिशोब चढवला की सगळं गढूळ होतं. पण मी ते निवडलं त्याच्या गोल बटणासाठी. त्यावर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापात मुलांना आठवड्याला 40 तास 75 डेसिबल चालतं. फोनवरचं ॲप हेडफोनला चिकटवून जितपत मोजता आलं, त्याच्या बरंच खाली ती रेघ आहे. चिरंजीवांनी कुरकुर केली, मग माझा ऑडिओग्राम उचलून बराच वेळ बघितला.

आता रविवारी तो शेजारी बसतो आणि मी शिकवल्याप्रमाणे घड्याळाच्या आकड्यांत सांगतो, "बाबा, सात वाजता, दहा मीटर, एक माणूस." बसतो उजवीकडे.