घाणीची टाकी

माझा थोरला भाऊ पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत मेंटेनन्सला. कागदावर प्लंबर. पण घाणीच्या टाकीत उतरायचं आलं की सेक्रेटरीला आमचं आडनाव आठवतं. "पाच मिनिटांचं काम," म्हणाला. दोर मागितला तर बजेट नाही!

मी म्हणलं, "दादा, उतरू नगंस. तो गॅस आधी नाक मारतो. वास गेला म्हंजी गॅस गेला न्हवं." साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३च्या कायद्यानं गुन्हा. तरी २०१९ला गोवंडीत सोसायटीच्या टाकीत तिघं गेले. २०२१ला हायकोर्टानं त्यांच्या बायकांना १०-१० लाख द्यायला लावले. २०२३ला सुप्रीम कोर्टानं गटारातल्या मरणाची भरपाई ३० लाख केली. मेल्यावर बजेट निघतं.

दादानं काढलेल्या चपला परत घातल्या. दुसऱ्या दिवशी वॉचमननं त्याला गेटातच अडवलं.