मुठीतलं पान

भाऊबीज उरकून पाहुणे आपापल्या गावी गेले, की मी माळ्यावरून तुनाच्या लाकडाची पेटी खाली काढतो. झाकण उघडण्याआधी पेटी नाकाशी धरायची, ही माझी जुनी सवय. लाकडाचा किंचित तिखट वास, मागून सुक्या गवताचा, आणि त्याच्याही मागे गोठ्याच्या कडेला पावसानंतर येतो तसा एक ऊबदार वास. तो आला की पावसाळा पेटीत शिरला नाही, हे कळतं. आत अठरा-एकोणीस चिरूट असतात. दिवाळीपासून होळीपर्यंत, आठवड्याला एक. रविवारी रात्री जेवण झाल्यावर साताऱ्याच्या शाहूपुरीतल्या आमच्या घराच्या ओसरीवर बसून मी तो ओढतो. गेली चोवीस वर्षं हा क्रम मोडलेला नाही.

मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. पण चिरुटाचं शास्त्र मला शिकवलं ते सातवी शिकलेल्या आण्णांनी, माझ्या वडिलांनी. वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी आमचं दीड एकर तंबाखूचं रान होतं. पीक विडीच्या तंबाखूचं. निपाणीपासून कोल्हापूर, सांगली, साताऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात हेच पीक घ्यायचे. तंबाखूचं बी इतकं बारीक, की एका ग्रॅममध्ये दहा-बारा हजार दाणे भरतात. त्यामुळे आण्णा बियात राख कालवून तरव्याच्या वाफ्यावर फोकायचे. श्रावण-भाद्रपदात लागण, झाड गुडघ्याच्या वर आलं की शेंडा खुडणं, मग दर आठ-दहा दिवसांनी बगलेतले फुटवे काढणं. शेंडा खुडला की झाडाचा सगळा जीव पानांत उतरतो. पान जाड होतं, हाताला चिकट लागतं. पौषात त्याच्यावर तांबूस ठिपके आले, की कापणी.

कापलेलं झाड रानातच उन्हात वाळवायचं. दुपारी त्याला हात लावायचा नाही. उन्हानं कडक झालेलं पान बोट लागलं तरी चुरतं. ते उलटायचं, गोळा करायचं ते पहाटे, दहिवर पडल्यावर. मी सात-आठ वर्षांचा असताना आण्णा मला घोंगडीत गुंडाळून पहाटे रानात न्यायचे. अंधारात पायाखालची ढेकळं ओली असायची, बोटं बधिर व्हायची. एकदा त्यांनी एक पान माझ्या मुठीत ठेवून मूठ मिटली आणि म्हणाले, "आता उघड." मूठ उघडली तसं पान अंग आळसावल्यासारखं हळूहळू फुलत पुन्हा सपाट झालं. "ह्येच बघायचं, बाळ. मोडलं तर उशीर झाला. चिकटून बसलं तर घाई झाली."

पुढे वर्गात हवेतल्या आर्द्रतेचा धडा शिकवताना मला पुस्तक लागलं नाही. तंबाखूचं पान भोवतालच्या हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं, आणि ते किती घ्यायचं-सोडायचं हे हवा ठरवते. सातारा-सांगलीकडच्या हिवाळ्यात एकाच दिवसात दोन टोकांची हवा असते. पहाटे गवताच्या पात्यावर दहिवर लोंबतं, आणि दुपारी दोन वाजता ओठ फुटतात. तापमान पहाटे दहा-बारा अंशांवर, दुपारी तीसच्या आसपास. थंड देशांतल्या हिवाळ्याच्या मानानं ही थंडी मोठी नाही. पण पानाला थंडीपेक्षा हा चढउतार जास्त झोंबतो. उघड्यावर ठेवलेला चिरूट दोन दिवसांत असा फुगतो-आकसतो, की वरचं पान उभं तडकतं. तडकलेला चिरूट पुन्हा सांधत नाही. म्हणून पेटी. पेटीचं काम एकच, बाहेर काहीही चालू असलं तरी आत हवा बदलू न देणं.

पेटी तुनाचीच का, तेही सांगायला हवं. क्यूबाकडचे सिगार ज्या सेड्रेला झाडाच्या लाकडात ठेवतात, त्या झाडाचं आपलं तून हे जवळचं भावंड. जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचं नावच सेड्रेला तूना ठेवलं होतं, आणि आपल्या देशात सिगारच्या पेट्यांना हे लाकूड पूर्वीपासून वापरलं जातं. हे लाकूड ओल धरतं, गरजेप्रमाणे परत देतं, आणि त्याचा वास तंबाखूच्या वासाशी भांडत नाही. पेटीच्या कोपऱ्यात मी बिनझिलईच्या खापराचा तुकडा ठेवतो, शुद्ध पाण्यात भिजवून आणि वरून पुसून. नळाचं पाणी वापरलं तर खापराची छिद्रं क्षारांनी बुजतात. आतली आर्द्रता पासष्ट ते सत्तर टक्क्यांत राहिली, की आण्णांच्या मुठीतलं पान मिळतं.

आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळ बाजारात मिळतं, पण ते बऱ्याचदा खोटं बोलतं. त्याची परीक्षा घरच्या मिठानं होते. बाटलीच्या टोपणात मीठ घ्यावं, ते ओलं होईल पण विरघळणार नाही एवढंच पाणी घालावं, आणि टोपण व घड्याळ दोन्ही बरणीत घालून झाकण घट्ट लावावं. ओल्या मिठावरची बंद हवा पंचाहत्तर टक्क्यांवर स्थिर होते. दुसऱ्या दिवशी काटा जिथे असेल, तिथून त्याची चूक मोजावी. मुलांना मी हा प्रयोग वर्गात करून दाखवायचो, अर्थात तंबाखूचं नाव न घेता.

ओलीच्या खालोखालचा शत्रू म्हणजे किडा. तांबूस, तिळाएवढा भुंगेरा. त्याची अळी चिरुटाला आरपार सुई टोचल्यासारखी भोकं पाडते. हाच किडा साठवणीच्या हळदीलाही लागतो, आणि त्यावरचा उपाय माझ्या सांगलीनं फार पूर्वी शोधून ठेवला होता. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत हळदीची पेवं आहेत. हळद आत भरून तोंड बंद केलं की आतला प्राणवायू सरत जातो, कर्बवायू साठतो, आणि किडा जगत नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर माणूसही लगेच आत उतरत नाही. 2005 च्या महापुरात यांतली कितीतरी पेवं पाण्यानं गेली. लहानपणी मी आण्णांबरोबर तिथे गेलो होतो. पेवातून निघालेली ती पिवळीधमक, वर्षानुवर्षं न किडलेली हळद हातात घेतली, तेव्हा राखणं हीसुद्धा पिकवण्याइतकीच मोठी विद्या आहे हे मला पहिल्यांदा जाणवलं. माझी पेटी पेवाइतकी बंद नसते. म्हणून नवे चिरूट आले की ते घट्ट पिशवीत बांधून चार दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवतो, मग एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, आणि नंतर पेटीत. थेट बाहेर काढले तर पान तडकतं.

आमच्या रानातल्या तंबाखूचा चिरूट का वळत नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं. एका हिवाळ्यात मी तो खटाटोप केला होता. पहिल्या दोन झुरक्यांत घसा सोलून निघाला. विडीच्या तंबाखूचं पान उन्हात झपाट्यानं वाळतं, त्यात निकोटीन भरपूर, आणि विडीत चिमूटभर तंबाखूनं काम भागवायचं असतं म्हणून ते तसंच हवं असतं. चिरुटाचं पान सावलीत, वाऱ्यावर, आठवडे घेत वाळतं. मग ओलसर पानांच्या थप्प्या लावतात. थप्पी आतून आपोआप तापते, खताच्या उकिरड्यासारखी. फार तापण्याआधी ती मोडून आतली पानं बाहेर, बाहेरची आत करून पुन्हा रचतात. या तापण्यात अमोनिया उडून जातो आणि तिखटपणा उतरतो. त्यानंतर आतला भराव, त्याला बांधणारं पान आणि वरचं वेष्टन अशी तीन पानांची वळणी होते. ही विद्या दक्षिणेत टिकली. माझे चिरूट तमिळनाडूतल्या दिंडीगुलकडचे. चिरूट हा शब्दही तिथलाच. तमिळमधल्या 'सुरुट्टु'चा अर्थ गुंडाळी. एके काळी त्रिचनापल्लीचे चिरूट इतके प्रसिद्ध होते, की 1887 च्या पहिल्याच शेरलॉक होम्स कथेत खुनी माणूस त्रिचनापल्ली ओढत होता हे होम्स राखेवरून ओळखतो.

तंबाखू आपल्याकडची नव्हे, ती पोर्तुगिजांबरोबर आली. पण उत्तरेत बादशहापर्यंत ती पोहोचली ती आमच्याच बाजूनं. अकबराचा दूत असदबेग विजापूरला आला, तिथे त्यानं ही नवी वस्तू पाहिली आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला रत्नजडित नळीसह बादशहापुढे नेऊन ठेवली. अकबरानं दोन-तीन झुरके घेतले, तर हकिमानं तिथेच हरकत घेतली. 1617 मध्ये जहांगिरानं तंबाखूवर बंदी घातली. पहिल्या दिवसापासून या पानाबरोबर सुख आणि हरकत दोन्ही चालत आली आहेत, आणि हकिमाची हरकत खरी होती.

हे मी घरातून शिकलो. माझे थोरले चुलते दिवसभर गालात तंबाखू धरत. एकोणसाठाव्या वर्षी त्यांना तोंडाचा कर्करोग झाला. शेवटचे चार महिने त्यांना घोटभर पेजही गिळता येत नव्हती. वखारीत जर्दा चाळणाऱ्या बायकांची खोकल्याची उबळ मी ऐकली आहे. तोंडाला पदर बांधूनही धूळ आत जायचीच. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर रस्ता अडवून धरला, तेव्हा आण्णा भाकरी बांधून तिथे जाऊन बसले होते. त्या आंदोलनाचा शेवट गोळीबारात झाला, शेतकरी मेले. आण्णा परत आले ते आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. मला चिरूट आवडतो, पण त्याची किंमत कोणी कोणी मोजली हे आठवल्याशिवाय मी तो पेटवत नाही. आणि धूर छातीत घेत नाही म्हणून मी सुरक्षित आहे, असंही मानत नाही. चिरुटाचा धूर अल्कधर्मी असतो. त्यातलं निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरतं. आठवड्याला एक आणि होळीला पेटी बंद, ही मर्यादा मी चुलत्यांच्या नावानं घालून घेतली आहे.

हिवाळाच का, तर बाकीचे ऋतू चिरुटाला मानवत नाहीत. पावसाळ्यात बुरशी, उन्हाळ्यात तडे, किडा आणि वारा. वाऱ्यात चिरूट एका अंगानं जळत जातो. डिसेंबरच्या रात्री मात्र साताऱ्याची हवा निश्चल होते. डोंगरांवरून थंड हवा उतरून गावाच्या खोलगटात साचते, तिच्यावर ऊबदार हवेचं झाकण बसतं, आणि धूर वर न जाता आडवा पसरतो. ओसरीवरून समोर अजिंक्यताऱ्याचा काळा आकार दिसतो, आणि त्याच्या पोटाशी चुलींच्या धुराचा पांढरट पट्टा. माझा धूर त्याच उंचीवर जाऊन थांबतो.

चिरूट पेटीतून काढून पंधरा मिनिटं घरातच ठेवावा, एकदम थंडीत नेऊ नये. टोपीचा, म्हणजे तोंडाकडच्या बंद टोकाचा, पातळ काप काढावा, खोल नाही. काडी ओढल्यावर गुलाचा भडका विझून लाकूड जळू लागेपर्यंत थांबावं, नाहीतर गंधकाचा वास पानात शिरतो. ज्योत टेकवू नये. वरती धरून, चिरूट बोटांत फिरवत कड आधी तापवावी. नंतर मिनिटाला एक झुरका. घाई केली तर चिरूट तापून कडवट होतो, विसरलात तर विझतो. आण्णांनी सांगितलेलंच हे: उशीर आणि घाई यांच्या मधली जागा सापडली पाहिजे. राख झटकू नये, ती आच सांभाळते. शेवटच्या तिसऱ्या हिश्शात ओल आणि डांबर साचत जातं, तिथे थांबावं आणि चिरूट ठेवून द्यावा. तो आपला आपण विझतो.

या पाऊण तासात मी वाचत नाही, रेडिओ लावत नाही. सौभाग्यवती शाल पांघरून थोडा वेळ पायरीवर बसते, नातवंडांचं काहीबाही सांगते, आणि धुराचा वास वाढला की आत जाते. मग रस्त्यावरचं कुत्रं आणि मी. आठवडाभर जे मनात टोचत असतं, ते या वेळात आपोआप सैल पडतं.

आण्णा जाऊन सोळा वर्षं झाली. आमच्या त्या रानात आता ऊस आहे. चिरूट ओढा असं मी कुणालाही सांगणार नाही, तरुणांना तर नाहीच. पण हळद, तंबाखू, गूळ, बेदाणा, ज्या वस्तूवर तुमचं घर उभं राहिलं असेल, तिची ओल तुमच्या आईवडिलांना हातानं कळत असेल. ते आहेत तोवर त्यांच्याकडून ती शिकून घ्या. माझ्या पेटीत या हिवाळ्याचे अजून सहा चिरूट आहेत. होळीला बरोबर सहा रविवार उरलेत.