दाखवता न येणारा शेजार

केप टाउनच्या एका दिवसाच्या सहलीचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. सकाळी डिस्ट्रिक्ट सिक्स, मग बो-काप, दुपारनंतर लांगा. पहिलं ठिकाण इतिहासाचं, पुढची दोन संस्कृतीची: आधी मलय, मग खोसा. संध्याकाळी परतताना प्रवाशाला वाटतं, शहर कळलं. मलाही तसं वाटायला हरकत नव्हती. पण मध्येच एक शंका मनात शिरली आणि बाहेर पडेना. माणसांना वंशावरून वेगळं काढायचं, प्रत्येकाला त्याची जागा आणि त्याची संस्कृती नेमून द्यायची, हेच तर वर्णभेदाचं धोरण होतं. मग आमची व्हॅन एका संस्कृतीकडून दुसरीकडे ज्या रस्त्यांनी चालली होती, त्या रस्त्यांची आखणी कुणाची?

क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवर जुन्या न्यायालयाच्या इमारतीबाहेर दोन बाकं आहेत. एकावर लिहिलंय ‘फक्त गोऱ्यांसाठी’, दुसऱ्यावर ‘फक्त गोरेतरांसाठी’. आठवण म्हणून ठेवलेली. साठच्या दशकात या इमारतीत वंश-वर्गीकरणाविरुद्धची अपिलं चालत. 1950 च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाला एकेका रकान्यात बसवलं होतं. केसांत खोचलेली पेन्सिल अडकून राहते की गळून पडते, यावरूनही वर्ण ठरवला जाई. एकाच आईची लेकरं वेगवेगळ्या रकान्यांत गेली. त्याच वर्षीच्या ग्रुप एरियाज कायद्याने मग रकान्यांनुसार जमीन वाटली. आपल्याकडे गावकुसाबाहेरची जागा ठरवायला राजपत्र लागलं नाही. तिथे लागलं, म्हणून तिथे अन्यायाच्या तारखा सांगता येतात.

डिस्ट्रिक्ट सिक्सची तारीख 11 फेब्रुवारी 1966. त्या दिवशी हा भाग गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाला. पुढच्या पंधराएक वर्षांत साठ हजारांहून अधिक माणसं उठवून शहराबाहेरच्या केप फ्लॅट्स या सपाट भागाच्या वाळूत नेऊन टाकली. घरांवर बुलडोझर फिरले. चर्च आणि मशिदी तेवढ्या उभ्या राहिल्या. गोरेही तिथे फारसे राहायला आले नाहीत. टेबल माउंटनच्या पायथ्याशी, शहराच्या ऐन मध्यात, गवताची मोठी पट्टी आजही रिकामी दिसते.

ब्युटेनकांट स्ट्रीटवरच्या जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये 1994 पासून डिस्ट्रिक्ट सिक्सचं संग्रहालय आहे. पाडापाडीच्या वेळी वाचलेल्या रस्त्यांच्या नावांच्या पाट्या तिथे टांगलेल्या आहेत आणि जमिनीवर पसरलाय वस्तीचा मोठा नकाशा. जुने रहिवासी येतात, आपली गल्ली शोधतात, घराच्या जागी नाव लिहितात. आमच्या गाइड बाई त्याच वस्तीत जन्मलेल्या. आपल्या घराचा चौकोन त्यांनी झटक्यात दाखवला आणि मग रेंगाळल्या त्या आजूबाजूच्या चौकोनांवर. इकडे शिंपी, तिकडे ज्यू दुकानदार, पलीकडे खोसा कुटुंब. कोपऱ्यावरचं दुकान कुणाचं, तर ‘कोकनी’ माणसाचं. “तुमच्याच बाजूचे ना ते?” त्यांनी मला विचारलं.

आमच्याच बाजूचे. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या गावांमधून कोकणी मुसलमान केपला गेले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून. कुणी फेरीवाले झाले, कुणी किराणा दुकानदार. मुंबईहून बोटीने यायचं, परवाने सांभाळायचे, गावी पैसे पाठवायचे, असं दोन किनाऱ्यांवर विभागलेलं आयुष्य. पुढे तेही ‘भारतीय’ रकान्यात गेले आणि रायलँड्ससारखी नेमून दिलेली उपनगरं त्यांच्या वाट्याला आली. आपल्या कोकणाचा हा धागा मला भारतीय उपनगरात नव्हे, डिस्ट्रिक्ट सिक्सच्या नकाशावर, दुसऱ्या कुणाच्या तरी शेजाऱ्याच्या रूपात भेटला, हे बरं झालं.

बो-कापमध्ये चढ चढून गेलं की रंगीत घरांची ओळ लागते. डॉर्प स्ट्रीटवर 1794 ची अव्वल मशीद, दक्षिण आफ्रिकेतली सर्वांत जुनी. तिचे पहिले इमाम तुआन गुरू हे तिदोर बेटावरचे राजपुत्र. डचांनी त्यांना रॉबेन बेटावर कैदेत ठेवलं, तेव्हा त्यांनी कुराण स्मरणातून लिहून काढलं. एका ओसरीवर कूसिस्टर मिळाले. बडीशेप, वेलची, सुंठ घातलेलं पीठ आंबवून तळायचं, पाकात बुडवायचं, वर सुकं खोबरं. चव ओळखीची वाटली, आणि त्यात नवल नव्हतं. डच कंपनीने केपला आणलेल्या गुलामांत इंडोनेशियातल्यांइतकेच बंगाल, मलबार आणि कोरोमंडलचे लोकही होते. ‘केप मलय’ या नावाखाली हे सगळे जमा झाले.

मग डिस्ट्रिक्ट सिक्स पाडलं आणि बो-काप राहिलं, असं का? एक कारण म्हणजे आय. डी. डु प्लेसी. हा आफ्रिकान्स कवी केप मलय गाण्यांच्या, चालीरीतींच्या प्रेमात होता. वस्तीचा जीर्णोद्धार व्हावा म्हणून तो चाळीसच्या दशकात झटला. आणि तोच पुढे सरकारच्या कलर्ड, म्हणजे मिश्रवंशीय ठरवलेल्यांच्या, व्यवहार विभागाचा प्रमुख झाला. त्याचं प्रेम खोटं नसावं. पण ते वर्णभेदाच्या चौकटीत नीट बसलं. बो-काप ‘मलय’ म्हणून राखीव झालं आणि जे मलय ठरले नाहीत त्यांना घर सोडावं लागलं. संस्कृती शुद्ध आणि वेगळी दाखवता आली की ती जपायची. सरमिसळ असली की तिला बकाल ठरवून पाडायची. डिस्ट्रिक्ट सिक्सचा गुन्हा हाच होता.

लांगा 1920 च्या दशकात वसवलं गेलं, काळ्या मजुरांना शहराबाहेर पण कामाच्या हाताशी ठेवण्यासाठी. वसतिगृहांमध्ये एकेका खोलीत अनेक पुरुषांच्या खाटा; पुढे बायका-मुलं आली तेव्हा अख्खं कुटुंब एका खाटेवर संसार करू लागलं. सहलीत इथे घरगुती बिअरचा डबा हातोहात फिरवतात. उम्कोम्बोती. ही खोसांची जुनी परंपरा, असं सांगतात आणि ते खरंच आहे. पण काळ्यांच्या दारूवर कायद्याचे निर्बंध असताना, पोलिसांचे छापे झेलत, याच बिअरवर बायकांनी घरं चालवली, हेही तितकंच खरं. त्या डब्यात कुळाचार आहे तसा कायद्याला दिलेला जबाबही आहे.

30 मार्च 1960 रोजी लांगाहून सुमारे तीस हजार माणसं पास कायद्यांविरुद्ध, म्हणजे काळ्यांना सतत परवाना बाळगायला लावणाऱ्या कायद्यांविरुद्ध, शहराकडे चालत निघाली. पुढे होता तेवीस वर्षांचा विद्यार्थी फिलिप क्गोसाना. मंत्र्यांशी भेट घडवू, असं आश्वासन मिळालं. त्याने सर्वांना शांतपणे परत पाठवलं. संध्याकाळी तो भेटीला गेला आणि त्याला अटक झाली. ते अंतर आमच्या व्हॅनने थोडक्या वेळात कापलं. वाटेत हमरस्ते, रेल्वेचे रूळ, मोकळ्या पट्ट्या. हे सगळं वस्त्या एकमेकींपासून दूर राहाव्यात म्हणून आखलेलं. केप फ्लॅट्सवरची माणसं आजही पहाटे उठून शहरातल्या कामावर पोचण्यासाठी हे अंतर तोडतात आणि त्याचं भाडं स्वतःच्या खिशातून भरतात.

ग्रुप एरियाज कायदा 1991 मध्ये रद्द झाला. डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये पहिले रहिवासी 2004 साली परतले. त्यानंतर परतलेली कुटुंबं अजून शेकड्यांतच मोजावी लागतात, आणि त्यासाठीही कोर्टाची पायरी चढावी लागली. माझ्या शंकेचं उत्तर मला इथेच मिळालं. सहलीत दोष नाही. तिला जे वेगवेगळं उरलंय तेच दाखवता येतं. शिंपी, ज्यू दुकानदार, खोसा कुटुंब आणि कोपऱ्यावरचा कोकणी यांचा शेजार ही या शहराची सर्वांत खरी स्थानिक संस्कृती होती, आणि ती कुठल्याही थांब्यावर नाही. ती संग्रहालयात जपून परत येणार नाही. त्या गवताच्या पट्टीवर घरं बांधावी लागतील, आणि ती कुठल्या रकान्यातल्या माणसाला मिळतात हे न विचारता.